कार्बोरेटरवरचा आळ

1986 सालच्या टोयोटा पिकअपचं बॉनेट उघडलं की इंजिन लगेच दिसत नाही. आधी दिसतात त्या नळ्या. काळ्या रबराच्या, शिसपेन्सिलीहून बारीक, कुठे इंजिनाच्या मागे दडलेल्या, कुठे पत्र्याच्या पट्टीवर ओळीने बसवलेल्या. त्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या, पितळी स्विच, पत्र्याच्या डब्या. या सगळ्याखाली 22आर नावाचं चार सिलिंडरचं, 2366 सीसीचं इंजिन आहे. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये ते कार्बोरेटरसह 1981 ते 1990 पर्यंत विकलं गेलं आणि नीट राखलं तर मरता मरत नाही, अशी त्याची ख्याती. इंजिन टिकलं, रबर मात्र टिकलं नाही.

कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग चेकमध्ये असा ट्रक नापास झाला की मालकाची आणि मेस्त्रीची नजर एकाच ठिकाणी जाते. कार्बोरेटर खोला, धुवा, नवं किट घाला, नाहीतर सरळ दुसराच बसवा. या आजाराचा सगळा पसारा एकत्र मांडून पाहिला तर माझं मत नेमकं उलट होतं. कार्बोरेटर हा शेवटचा संशयित असायला हवा. तो समोर दिसतो, त्याला स्क्रू असतात, ते फिरवले की इंजिनाचा आवाज बदलतो, आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. म्हणून आळ त्याच्यावर येतो.

हे नळ्यांचं जाळं आलं कुठून, ते थोडक्यात सांगायला हवं. 1943 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर इतका दाट, डोळे चुरचुरवणारा धूर उतरला की जपानने विषारी वायूचा हल्ला केला, असं काहींना वाटलं. पुढे 1950 च्या सुमारास कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोडं सोडवलं. तोवर ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि या दोन्ही गोष्टी मोटारींतून येतात, असं त्यांनी दाखवलं. मग कायदे आले. 1960 च्या दशकात इंजिनाच्या पोटातली वाफ पुन्हा आत ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, 1970-71 मध्ये टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, 1973 च्या आसपास धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, 1975 च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्रत्येक नव्या नियमाबरोबर त्याच जुन्या कार्बोरेटरला नवं ठिगळ लागत गेलं.

ट्रकची गोष्ट जरा वेगळी. शेतकऱ्याचं आणि सुताराचं वाहन म्हणून पिकअपला सवलत होती. 6,000 पौंडांहून जास्त एकूण वजनाच्या ट्रकला 1975 साली कन्व्हर्टरचं बंधन नव्हतं, म्हणून फोर्डने त्या रेषेच्या जरा वर बसणारा एफ-150 त्याच साली बाजारात आणला. अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वाधिक खपणाऱ्या पिकअप घराण्यातलं हे नाव मुळात नियमातल्या फटीतून जन्मलं, ही गंमत त्याच्या चाहत्यांनाही बहुधा ठाऊक नसते. 1979 पासून ती सीमा 8,500 पौंडांवर गेली आणि फट बुजली. म्हणून जुन्या पिकअपखाली कोणती यंत्रणा असेल हे नुसत्या सालावरून ठरत नाही. वजनाचा वर्ग, कॅलिफोर्नियाचं मॉडेल की बाकी देशाचं, गिअर हाती की आपोआप, यावर नळ्यांचा नकाशा बदलतो.

हा नकाशा बॉनेटच्या आत चिकटवलेल्या कागदावर छापलेला असतो. टायमिंग किती, स्लो किती, कोणती नळी कुठे. तो कागद फाटलेला किंवा रंगाखाली गेलेला असेल तर तेवढ्याच वर्षाच्या नि तेवढ्याच प्रकारच्या गाडीचा मिळवायचा, शेजारच्या वर्षाचा चालत नाही. माझ्या दृष्टीने दुरुस्तीचं सगळ्यात महाग हत्यार हा कागद आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी तेलकट फडक्याने पुसून पुसून नाहीसा झालेला असतो.

दुसरा कागद म्हणजे चाचणीचा निकाल. कॅलिफोर्नियाच्या शहरी भागात 1998 पासून जुन्या गाड्या रोलरवर चढवून ताशी 15 आणि 25 मैल वेगाने, भार देऊन तपासतात. निकालात तीन मुख्य आकडे असतात. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलं, आणि नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे फार तापून जळल्याची खूण. नापास हा शिक्का पाहून कागद घडी करून खिशात घालणारे पुष्कळ. पण निदान तिथेच लिहिलेलं असतं.

हायड्रोकार्बन आणि मोनॉक्साइड दोन्ही वर असतील तर मिश्रण रिच आहे, पेट्रोल जास्त पडतंय. हायड्रोकार्बन भरमसाट आणि मोनॉक्साइड अगदी कमी, सोबत ऑक्सिजनचा आकडा चढलेला, तर एखादा सिलिंडर पेटतच नाही. प्लग, वायर, जळका व्हॉल्व्ह किंवा कुठून तरी शिरणारी फुकटची हवा, यांपैकी काहीतरी. आणि पहिले दोन ठीक असताना फक्त नायट्रोजन ऑक्साइड वर असेल तर कार्बोरेटरला हातही लावायचा नाही, सरळ ईजीआरकडे जायचं. मोनॉक्साइड खाली आणण्यासाठी स्क्रू आवळत नेणारा मेस्त्री याच ठिकाणी फसतो. मिश्रण लीन होत गेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडू लागलं, की ज्वलन तापतं, नायट्रोजन ऑक्साइड चढतो. आणखी लीन केलं तर मिश्रण पेट घेईनासं होतं आणि मघाशी उतरलेला हायड्रोकार्बन दुप्पट होऊन परत येतो. गावाकडच्या भागात चाचणी रोलरविना होते, नुसत्या स्लोवर आणि 2,500 फेऱ्यांवर, आणि तिथे नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. म्हणून खेड्यात पास झालेला ट्रक मालकाने शहरात घर बदललं की अचानक नापास होतो. ट्रकमध्ये नवं काही बिघडलेलं नसतं. जे आधीपासून बिघडलेलं होतं ते आता मोजलं जातं, इतकंच.

यंत्रणेच्या भागांकडे वळण्याआधी इंजिन स्वतः निरोगी आहे का, ते पाहावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. कॉम्प्रेशन मोजायचं, टॅपेट लावायचे. 22आरला इंजिन गरम असताना आतल्या व्हॉल्व्हला 0.20 आणि बाहेरच्याला 0.30 मिलिमीटर फट लागते. एक्झॉस्ट टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, हळूहळू जळतो, आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या नावावर जमा होतो. साधा व्हॅक्यूम गेज इथे फार बोलका ठरतो. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोवर साधारण 17 ते 21 इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. ठरावीक अंतराने काटा झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतो आहे. काटा स्थिर आहे पण खाली बसला आहे, तर टायमिंग मागे पडलंय किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. दर हजार फूट उंचीला एक इंच कमी धरायचा, नाहीतर उंचावरच्या डेन्व्हरमधला प्रत्येक ट्रक आजारीच वाटेल.

मग हा व्हॅक्यूम भागाभागांत पोचवणाऱ्या नळ्या. चाळीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं रबर टोकाशी कडक होतं, चिरतं, आणि वरून धडधाकट दिसतं. नळी काढून टोक दुमडून पाहायचं. तडा गेला की सगळ्याच बदलून टाकायच्या, पण एका वेळी एकच. दहा नळ्या एकदम उपटून ठेवणाऱ्याला पुढचा आठवडा मोकळा ठेवावा लागतो. गळती हुडकायला मेस्त्री लोक कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे मारतात आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकतात. पद्धत काम करते, आणि तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर तोच स्प्रे पडला की आगही लागते. धूर सोडून गळती दाखवणारं यंत्र त्यापेक्षा कितीतरी बरं. हातपंपाची चार पैशांची गुंतवणूक तर करायलाच हवी. हाताने निर्वात निर्माण करून प्रत्येक डबीचा पडदा तो धरून ठेवतो का, हे त्याने कळतं.

नळ्यांच्या मधल्या पितळी स्विचांना मी या यंत्रणेचे खरे चोर म्हणेन. इंजिनाच्या पाण्यात बुडवलेला एक द्विधातू स्विच पाणी गार असताना ईजीआरकडे आणि कोळशाच्या डब्याकडे जाणारा व्हॅक्यूम अडवतो, गरम झाल्यावर सोडतो. तो बंद अवस्थेत अडकला तर ईजीआर कधीच उघडत नाही, आणि ईजीआरचा व्हॉल्व्ह नवा घालूनही आकडा तसाच राहतो. उघडा अडकला तर थंडीत सकाळी ट्रक अडखळतो, बंद पडतो. दोन नळ्यांत फुंकून पाहायचं, आधी गार इंजिनावर, मग तापलेल्या. एवढ्याने निकाल लागतो, फार तर तोंडाला काळं लागतं.

ईजीआरविषयी जरा जास्त बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याविषयीच आहेत. जळून झालेल्या धुराचा थोडासा भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा, एवढंच त्याचं काम. हा धूर जळत नाही, नुसती उष्णता शोषतो. सुमारे 1,370 अंश सेल्सियसच्या वर हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने एकत्र येतात. ज्वलनाचं तापमान त्याखाली राहिलं की ते टळतं. ईजीआर बंद करून टाका, ताकद वाढेल, हा सल्ला अमेरिकी गॅरेजांत पन्नास वर्षं फिरतो आहे. खरं तर पूर्ण रेस दिली असता ईजीआर उघडतच नाही, त्यामुळे जास्तीत जास्त ताकदीशी त्याचा संबंध नसतो. उलट तो बंद केला की चढावर, भार घेऊन, अर्ध्या रेसवर इंजिन नॉक करू लागतं. नेहमीची तपासणी सोपी आहे. गरम इंजिन स्लोवर ठेवायचं, हातपंपाने व्हॉल्व्ह उघडायचा. इंजिन धडधडून बंद पडायला आलं तर वाट मोकळी आहे. काहीच झालं नाही तर व्हॉल्व्ह ठीक असूनही मॅनिफोल्डमधली वाट काजळीने बुजली आहे, ती खरवडून काढावी लागते. मात्र काही फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या ट्रकांतले व्हॉल्व्ह एक्झॉस्टच्या दाबावर चालणारे असतात. इंजिन बंद असताना ते व्हॅक्यूम धरतच नाहीत, आणि त्यामुळे अनेक चांगले व्हॉल्व्ह भंगारात गेले आहेत. टोयोटात एक्झॉस्टचा दाब ओळखण्याचं काम एक वेगळी गोल डबी करते. तिच्या झाकणाखाली बोटाच्या पेराएवढा फिल्टर असतो. तो चोंदला की सगळा हिशेब चुकतो, आणि तो हवेच्या झोताने दोन मिनिटांत साफ होतो. कितीजण ते झाकण उघडतात, ते विचारू नये.

1980 नंतर या जाळ्यावर आणखी एक गोष्ट चढली, ती म्हणजे संगणक. तीन वायूंवर एकाच वेळी काम करणाऱ्या कन्व्हर्टरला मिश्रण वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल याच्या अगदी जवळ लागतं, आणि जेट-फ्लोटवाल्या कार्बोरेटरला इतकी अचूकता एरवी जमत नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला, आणि कार्बोरेटरमध्ये त्याच्या इशाऱ्यावर हलणारा विजेचा व्हॉल्व्ह. जनरल मोटर्सच्या व्यवस्थेत हा सोलेनॉइड सेकंदाला दहा वेळा उघडझाप करतो. गंमत म्हणजे ही नव्या युगाची यंत्रणा तपासायचं साधन जुन्या युगाचं होतं: पॉइंट लावायचा ड्वेल मीटर. सहा सिलिंडरच्या पट्टीवर, कार्बोरेटरजवळच्या हिरव्या जोडाला तो लावायचा. काटा तिशीच्या आसपास हलत राहिला तर व्यवस्था ताब्यात आहे. दहाच्या खाली अडकला तर संगणक सारखं पेट्रोल वाढवतो आहे, पन्नासच्या वर गेला तर कापतो आहे. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकून आकडेही सांगतो. 44 म्हणजे एक्झॉस्ट लीन, 45 म्हणजे रिच.

आणि इथेच सगळ्यात चकवणारा सापळा आहे. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा प्लग पेटला नाही तर त्या सिलिंडरचं पेट्रोलही बाहेर येतं आणि न वापरलेला ऑक्सिजनही. सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो; तो संगणकाला सांगतो, मिश्रण लीन आहे. संगणक बाकीच्या सिलिंडरांना जास्त पेट्रोल देतो. निकालाच्या कागदावर मोनॉक्साइड चढलेला दिसतो, मेस्त्री म्हणतो कार्बोरेटर रिच आहे, आणि खरा गुन्हेगार असतो तडकलेली एक प्लग वायर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत शिरली तरी हेच होतं. एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या पंपाचा वळण-व्हॉल्व्ह अडकून हवा सेन्सरच्या आधी पडत राहिली तरी हेच. टोयोटाने काही इंजिनांत पंपच टाळला. एक्झॉस्टच्या ठोक्यांमधली ओढ वापरून, पातळ पात्यांच्या झडपेतून हवा खेचली. ही मला या सगळ्या पसाऱ्यातली सगळ्यात देखणी कल्पना वाटते. झडप जळली की गरम धूर उलटा एअर फिल्टरच्या डब्यात येतो, आणि तिथल्या काजळीवरून ती ओळखू येते.

बाकीचे भाग भरभर पाहता येतील. पेट्रोल काठोकाठ भरण्याची सवय असेल तर कोळशाच्या डब्यात वाफेऐवजी द्रव जातो, आणि स्लोवर इंजिन विनाकारण रिच चालतं. डब्याची नळी चिमटीत धरून मोनॉक्साइड उतरला तर कारण सापडलं. ऑइल बरेच दिवस बदललं नसेल आणि त्यात पेट्रोल मिसळलं असेल तर पीसीव्हीतून त्याची वाफ आत येते. चाचणीच्या आदल्या दिवशी ऑइल बदला, हा सल्ला म्हणूनच ऐकण्यासारखा. चोक गरम झाल्यावर पूर्ण उघडतो का, हे पाहायला एअर फिल्टरचं झाकण काढून एक नजर टाकली की पुरे. फिल्टरच्या नाकातली गरम हवेची झडप तुटलेली असेल तर दमट थंडीत कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही हे होतं, फक्त कुणाला खरं वाटत नाही.

एवढं सगळं नीट निघालं, तरच कार्बोरेटर. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला की पातळी वाढते आणि मिश्रण रिच होतं. थ्रॉटलच्या दांड्याची जागा झिजली की तिथून हवा गळते, आणि ही झीज कुठल्याही किटने भरून येत नाही. स्लोचा स्क्रू तर 1980 च्या सुमारास कंपन्यांनीच पोलादी झाकणाखाली बंद केला, कुणी फिरवू नये म्हणून. ते झाकण ड्रिलने उडवलेलं दिसलं की आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो.

आधीच्या मालकांविषयी एवढंच सांगतो की त्यांनी केलेली दुरुस्ती उलगडण्यात निम्मा वेळ जातो. 1970 च्या दशकापासून नळी ओढून काढायची आणि तिच्या तोंडात गोल्फची लाकडी खुंटी ठोकायची, ही रीत पडली. काहीजण नळी जागेवर ठेवून आत छर्रा सरकवतात, म्हणजे वरून सगळं ठीक दिसावं. मूळ कार्बोरेटर काढून साधा, बिनसंगणकाचा वेबर बसवण्याची चाल 22आरवाल्यांत फार. गाडी छान पळते, हे खरं आहे. पण कॅलिफोर्नियात निरीक्षक आकडे पाहण्याआधी डोळ्यांनी तपासतो. बदललेल्या भागावर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरीचा आदेश-क्रमांक नसेल तर सायलेन्सरमधून अत्तर निघालं तरी ट्रक नापास. त्या राज्यात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेकची माफी आहे. 1976 चा ट्रक घेणाऱ्याने एका वर्षाच्या फरकाने काय विकत घेतलं, ते त्याला दोन वर्षांनी समजतं.

इंधनही बदललं आहे. आजचं अमेरिकी पेट्रोल बहुतेक ठिकाणी दहा टक्के इथेनॉलचं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतो, त्यामुळे बिनसंगणकाचा कार्बोरेटर तीनेक टक्क्यांनी लीन चालतो. आधीच काठावर लीन लावलेल्या इंजिनाला तेवढं पुरतं. जुन्या डायफ्रॅमचं रबरही त्याने लवकर जातं. आपल्याकडे वीस टक्क्यांचं पेट्रोल आल्यापासून पुण्या-नाशकात जपून ठेवलेल्या मारुती 800 आणि स्कूटरवाल्यांची जी कुरकुर ऐकू येते, तिची मुळं याच रसायनात आहेत. फरक इतकाच, की आपली पीयूसी चाचणी जुन्या पेट्रोल गाडीला स्लोवर उभी करून तपासते. कार्बोरेटरच्या काळातल्या चारचाकीला तीन टक्के मोनॉक्साइड चालतो, नायट्रोजन ऑक्साइड कुणी मोजत नाही. स्क्रू थोडा आवळून आकडा बसवण्याची आपल्या मेस्त्र्यांची हातोटी तिथे पुरते. रोलरवर ती उघडी पडली असती.

सुटे भाग हा शेवटचा आणि वाढता प्रश्न. कित्येक पितळी स्विच आणि डायफ्रॅम कंपन्यांनी बनवणं थांबवलं आहे. भंगारातल्या गाडीवरून काढलेला चाळीस वर्षांचा स्विच हा चाळीस वर्षांचाच असतो. कॅलिफोर्नियात अशा वेळी गाडी राज्याच्या स्मॉग चेक रेफरीकडे न्यावी. भाग खरोखर कुठेच मिळत नसेल तर मार्ग काढण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. शेजारच्या गॅरेजमध्ये छर्रा सरकवून घेण्यापेक्षा हे लांबचं पण सरळ.

चाचणीच्या दिवशी वीस मिनिटं महामार्गावर ट्रक पळवून न्यायचा, कारण कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांखाली काम करत नाही आणि चोक पुरता उघडलेला असावा लागतो. रांग लांब असेल तर निरीक्षकाला आपली पाळी कधी ते विचारून एक फेरी आणखी मारून यावं. अर्धा तास स्लोवर उभ्या राहिलेल्या ट्रकचा कन्व्हर्टर रोलरवर चढेपर्यंत गार झालेला असतो, आणि मग घरी परतताना पुन्हा कार्बोरेटरचाच विषय निघतो.